पंचवीस तारखेची सकाळ

नगर,
शुक्रवार, ५ डिसेंबर

प्रिय बेबीस,
मम्मीचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की मी, यावर घरात अजून एकमत नाही. दादा म्हणतो तू ठेवलास. वहिनी म्हणते, "मम्मी, तुम्हीच ठेवला." आज पाच दिवस झाले. रोज दुपारी फोन हातात घेते, मग वाटतं तू हॉस्पिटलच्या नाइटवरून येऊन झोपली असशील, म्हणून परत ठेवते. फोनवर माझा आवाज चढतो हे तुझे पप्पा नेहमी सांगायचे. म्हणून त्यांच्याच टेबलाच्या खणातले फुलस्केप काढून लिहायला बसले आहे. पत्र फराळाच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवीन. डबे नंतर उघड, आधी हे वाच. नाहीतर असू दे, आधी डबाच उघड. भुकेली असशील.

मुद्द्याचं आधीच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा काढणार नाही. चोवीसची नाइट तू मागून घेतलीस याचा मला राग नाही. रविवारी आला होता, आता नाही. त्या फिलिपिन्सच्या मुलीची लेकरं लहान, तिला ती रात्र घरी काढता यावी म्हणून तू तिच्या जागी उभी राहिलीस, हे मी समोरच्या काकूंना, वहिनीच्या आईला आणि पाळकसाहेबांनासुद्धा सांगून बसले आहे. माझं म्हणणं वेगळंच आहे. पंचवीसच्या सकाळी तू घरी कशी जाणार?

दादाने मोबाइलवर बघून सांगितलं की त्या दिवशी इंग्लंडात रेल्वे धावतच नाही आणि बसगाड्याही जवळजवळ बंद असतात. मला खरं वाटेना. मी त्याला दोनदा वाचायला लावलं. ख्रिस्ती लोकांच्या देशात नाताळला गाडी नाही? आपल्याकडे तर नाताळ असो, दिवाळी असो, तारकपूरच्या स्टँडवरून एसटी सुटते म्हणजे सुटते. पप्पांनी बत्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, त्यातले कितीतरी पंचवीस डिसेंबर ग्रीसने माखलेल्या हातांनी. दादा म्हणाला, अगं, ड्रायव्हर-कंडक्टरनाही घरी सण करता यावा म्हणून बंद ठेवतात. हे ऐकून पप्पा किती खूश झाले असते! पण ड्रायव्हर घरी बसला की नर्सने काय करायचं, याचा कुणी विचार केला आहे का? तुझी ड्युटी संपणार पावणेआठला. तिथे आठ वाजून गेल्याशिवाय उजाडत नाही, तूच मागच्या वर्षी सांगितलंस. म्हणजे अंधारात, बर्फावरून, रात्रभर उभं राहून सुजलेल्या पायांनी अडीच मैल. रविवारी मी टॅक्सी कर म्हटलं, तर "चालत जाईन मम्मी, रोजचंच आहे," असं तू म्हणालीस. रोज रस्त्यावर माणसं असतात, बाळा. त्या सकाळी सगळा गाव दारं लावून घरात असणार.

बरं, झालं लिहून. आता दुसरं.

फराळाचं सांगते. बेकरीत या वेळी लवकर गेले, खोकं वेळेवर पोहोचायला हवं ना. पंधरा तारखेनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. वहिनीचं म्हणणं होतं की आता केक तयार मिळतो, नानकटाईसुद्धा मिळते, तुम्ही गुडघ्याचा त्रास घेऊन कशाला जाता. ती काळजीने म्हणते, मला कळतं. पण मी मैदा, पिठीसाखर, डालडा सगळं मोजून पिशव्या भरल्या आणि रिक्षा केली. चाचा आता थकले, गल्ल्यावर बसतात, भट्टीवर त्यांचा नातू असतो. त्यांनी मला बघितलं आणि खडूने डब्यावर नंबर घातला, पूर्वी घालायचे तसाच. मग विचारलं, "बेबी आयी क्या?" मी म्हटलं, इस साल नहीं. तर त्यांनी नातवाला हाक मारून सांगितलं की हा घाणा परदेशी जायचा आहे, जरा कडक भाज.

तुला आठवतं का ते सगळं? लाकडी बाकावर बायकांची रांग, प्रत्येकीच्या मांडीवर परात. मैदा आणि तूप मळताना मनगटापर्यंत हात पांढरे. तू माझ्या शेजारी बसून प्रत्येक नानकटाईच्या मधोमध एकेक चारोळी दाबायचीस आणि मधेच एखादी तोंडात टाकायचीस. मग भट्टीवाला लांब दांड्याची फळी घेऊन पत्रे आत सरकवायचा, भट्टीचं तोंड क्षणभर लाल दिसायचं आणि तू मागे सरायचीस. केकला दीड किलो मैद्याला अडीच डझन अंडी, हे माप तुझ्या आजीचं. या वेळीही तेच घेतलं. अंडी फेटायला मात्र वहिनी आली, माझा हात आता दहा मिनिटांत भरून येतो. गजबजलेल्या बेकरीत ती आधी नाक मुरडून उभी होती. पहिला पत्रा बाहेर आला तसा वास सुटला आणि तीच म्हणाली, "मम्मी, एक गरमच खाऊ या का?" दोघींनी फुंकून फुंकून खाल्ली, जीभ भाजली. तुझी फार आठवण आली.

करंज्या घरी केल्या. सुकं खोबरं, भाजलेला रवा, खसखस, वेलची. कुरिअरवाल्याने बजावलं होतं की खव्याचं, पेढ्याचं काही त्या देशात जाऊ देत नाहीत, म्हणून ओल्या सारणाचा विचारच केला नाही. आजीचं पितळी कातणं काढलं. तिने ते तिच्या सासूकडून घेतलं होतं, म्हणजे चार पिढ्या झाल्या. त्याच्या चाकाचे दात झिजलेत, कड पूर्वीसारखी नक्षीदार उमटत नाही, आणि माझा हातही आता सरळ जात नाही. वरच्या थरातल्या दहा-बारा वहिनीने कातल्या आहेत, त्या ओळखू येतील, सुबक आहेत. खालच्या माझ्या. दिवाळीत समोरच्या काकूंचं ताट आलं होतं. ते ताट मी अजून परत दिलेलं नाही, दर वर्षीप्रमाणे नाताळच्या करंज्या-चकल्या घालूनच जाईल. त्यांची भाजणी आणि आपली भाजणी एकाच गिरणीत, एकाच मापाने दळलेली. तू लहानपणी मला विचारलं होतंस की मग आपली दिवाळी डिसेंबरात का येते. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं.

एक तारखेला तारा लावला. दादाने प्लास्टिकचा आणला आहे, रंग बदलणारा. छान आहे, मी नाही म्हटलं नाही, तो गॅलरीत लावला. पण दारावर पप्पांचाच. बांबूच्या कामट्या अजून घट्ट आहेत, वर्कशॉपमधल्या तारेने त्यांनी ज्या गाठी मारल्या त्या एवढ्या वर्षांत हलल्या नाहीत. फक्त कागद बदलला. पतंगाचा कागद, पांढरा आणि लाल. खळ मी शिजवली, चिकटवला दादाने. आतला बल्ब चाळीसचाच हवा, साठचा लावला की कागद करपतो, हे त्याला सांगायला पप्पा नव्हते, म्हणून मी सांगितलं.

त्यांची कबर पुढच्या आठवड्यात रंगवायची आहे. दादा चुना भिजत घालेल. दगडावरची अक्षरं मात्र मीच काळी करते, बारीक ब्रशने. गेल्या पावसाने त्यांच्या जन्मसालातला सात पुसट झाला आहे. तिथे बसून मी त्यांच्याशी बोलते, हे तुला माहीत आहे. तुला हसू येईल असं वाटून आजवर सांगितलं नव्हतं, पण दादाने सांगितलंच असणार. या वेळी तुझं सगळं सांगणार आहे. बढती झाली, आता तुझ्या हाताखाली सहा मुली आहेत, ते सांगणार. तू चोवीसची नाइट मागून घेतलीस तेही. ते म्हणतील, "अगं, मग सकाळी पोरीला आणायला कोण जाणार?"

बघ, आलेच पुन्हा तिथे.

बेबी, रविवारी तू म्हणालीस, "माझ्या नाटकाच्या वेळी तू कुठे होतीस मम्मी?" मला ते लागलं. खोटं होतं म्हणून नाही, खरं होतं म्हणून. १९९८ चा नाताळ. तू सात वर्षांची, रविवारच्या शाळेच्या नाटकात देवदूत. दोन आठवडे घरभर तुझं एकच वाक्य चाललेलं, "भिऊ नका, भिऊ नका!" पंख मी शिवले होते, वॉर्डातल्या जुन्या चादरीचे, पप्पांनी आत तार घातली होती. आणि चोवीसला संध्याकाळी चार वाजता निरोप आला की रात्रीच्या दोन मुली तापाने आडव्या झाल्या. बाळंतिणींचा वॉर्ड भरलेला. मी गेले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मेट्रननी फक्त विचारलं होतं. तू दारात उभी होतीस, रडली नाहीस, नुसती बघत राहिलीस. त्याबद्दल मी तुझी कधी माफी मागितली नाही. आज मागते. सत्तावीस वर्षं उशीर झाला आहे, पण मागते.

ती रात्र कशी गेली तेही तुला कधी सांगितलं नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनी हातात मेणबत्त्या घेऊन वॉर्डावॉर्डांतून गात गेल्या. दिवे मालवलेले. बाळंतिणी उशीवर कोपर टेकून उठून बसल्या, त्यांतल्या बहुतेक आपल्या धर्माच्या नव्हत्या, पण एकीने पदर डोक्यावर घेतला आणि तिचं बघून सगळ्यांनी घेतला. पहाटे तीनला शेवगावकडची एक बाई आली, बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथून ट्रकमधून. पहिलटकरीण, अंगात रक्त नाही. पाचला मुलगा झाला. बराच वेळ रडला नाही, मी त्याच्या तळव्यावर टिचक्या मारत होते आणि तोंडात तुझंच वाक्य, भिऊ नको, भिऊ नको. मग रडला. त्याला गुंडाळून आईजवळ दिलं तेव्हा मला भान आलं की तुझं नाटक केव्हाच संपलं असेल.

सकाळी फाटकातून बाहेर आले. नगरची डिसेंबरची थंडी तुला माहीत आहे, तोंडातून वाफ निघते. कडुनिंबाखाली पप्पा सायकल धरून उभे, डोक्याला मफलर. ते नेहमीच यायचे, त्यात नवल नव्हतं. नाइट संपली की मी घरापर्यंत तीन किलोमीटर एकटी कधी चालले नाही, एकही दिवस नाही. वर्कशॉपची पहिली पाळी असली तर मला दिल्ली दरवाज्यापर्यंत सोडून तिथून परस्पर जायचे. पण त्या दिवशी दांडीवर तू बसली होतीस. पांढरा फ्रॉक, त्यावर त्यांचा खाकी स्वेटर, आणि स्वेटरवरून पंख बांधलेले. एक पंख वाटेत वाकला होता. मला बघितलंस आणि सायकलवरूनच ओरडलीस, "भिऊ नका! पाहा, मी तुम्हांला..." आणि पुढचं विसरलीस. रात्री देवळात म्हणे एकही शब्द चुकला नव्हता. वॉचमन टाळ्या वाजवायला लागला. मी तिथेच रस्त्यावर बसले आणि खूप रडले. तुला वाटलं तू चुकलीस म्हणून मी रडते. तू उतरून माझे डोळे पुसलेस, तुझ्या हाताला चारोळीचा वास होता.

तुला नाटक आठवतं, ज्याला मी नव्हते. मला फाटक आठवतं. दोन्ही खरं आहे. मी माझं पुढे करून तुझं खोडत नाही.

पण मला रात्रपाळीचं भय का नाही आणि सकाळचं का आहे, हे आता तुला कळेल. रात्र तू निभावशील. तुझ्या हातात कला आहे, ती मला तुझ्या पहिल्या वर्षातच कळली होती. आजीला सलाइन लावताना तिला सुई टोचल्याचं कळलं नव्हतं. पस्तीस पेशंट दे, पन्नास दे, तू डगमगणार नाहीस. मला फक्त एवढंच दिसतं की तू त्या मोठ्या काचेच्या दारातून बाहेर येतेस आणि समोर कडुनिंब नाही.

पप्पा दर नाताळला एक गोष्ट सांगायचे, तारणाऱ्याच्या जन्माची पहिली बातमी राजाला मिळाली नाही, याजकांना मिळाली नाही, रात्री कळप राखत जागणाऱ्यांना मिळाली. म्हणजे रात्रपाळीवाल्यांना. माझं मन राखायला सांगायचे, मला ठाऊक होतं, तरी बरं वाटायचं. परवा मी बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय पुन्हा काढून वाचला, आणि मत्तयाचाही दुसरा. आजवर लक्षात आलं नव्हतं, मेंढपाळ परत गेले हे तिथे लिहिलं आहे. बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, मागी लोक, दुसऱ्या वाटेने आपल्या देशी गेले हेसुद्धा लिहिलं आहे. ते आले, त्यांनी पाहिलं, एवढ्यावर शास्त्र थांबत नाही. ते परत कसे गेले, कोणत्या वाटेने गेले, याची देवालाही काळजी होती. मग मी विचारलं तर माझं काय चुकलं?

पायात ते जाड तळव्याचे बूट घाल, ड्युटीचे घालून चालू नकोस. कानटोपी घाल, केस दिसले नाहीत तरी चालतं. फोन रात्रीच चार्ज करून ठेव. निघताना कुणाला तरी सांगून नीघ. पुलावरून जाताना कडेने नको, कडेला बर्फ साचतो म्हणतात. घरी गेल्यावर आधी गरम काहीतरी पी, मग झोप, उपाशीपोटी झोपलं की पित्त होतं, तुला लहानपणापासून होतं. आणि चर्चला जात जा. मी विचारणार नव्हते, पण जातेस ना? सहा महिन्यांत तू त्या विषयावर एकदाही बोलली नाहीस. माणूस परक्या मुलुखात...

नको. हे वाक्य मी अर्धंच सोडते. तू चौतीस वर्षांची आहेस, दुसऱ्यांचे जीव सांभाळतेस, आणि मी तुला कानटोपी घाल म्हणून सांगते आहे. माफ कर. चर्चचंही मनावर घेऊ नकोस. त्या वॉर्डात उभं राहणं हीसुद्धा उपासनाच आहे, हे मी स्वतः माझ्या सासूला तीस वर्षं ऐकवलं. आता तिच्या जागी बसल्यावर विसरते.

कॅरोलची मंडळी यंदा एकवीसला आपल्या गल्लीत येणार. तरुण मुलांनी गिटार आणि ड्रम बसवले आहेत, चांगलं वाजवतात. पण पाळकसाहेबांनी सांगितलं आहे की निदान दोन गाणी पेटी-ढोलकीवर झालीच पाहिजेत, आणि ती टिळकांचीच. मला आनंद झाला. अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१ साली, त्यांचं ज्ञानोदय हे नियतकालिक इथेच १८४२ ला निघालं, शाळा झाल्या, पण इंग्रजी चालींवरची गाणी आमच्या पणजीच्या गळ्यात काही बसत नव्हती. आजी सांगायची, पणजी म्हणे ओठ हलवायची फक्त. मग नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, नगरला राहिले, त्यांनी अभंग आणि ओव्या दिल्या, कीर्तनं केली, तेव्हा पणजी पहिल्यांदा मोठ्याने गायली. शेतात निंदतानासुद्धा तेच म्हणायची. तुझा आवाज तिच्यावर गेला आहे असं आजीचं ठाम मत होतं. तू तिथल्या चर्चमध्ये ओठ हलवतेस का गं? तसं असेल तर मला समजतं. खोलीवर एकटी असलीस तर आपली गाणी मोठ्याने म्हण. शेजारच्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

पंचवीसला उपासना नऊला आहे. नंतर आवारात प्रीतिभोजन, यंदा मटणाबरोबर पुलाव ठेवला आहे, आणि ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी वांग्याची भाजी. भांड्यांवर देखरेख माझ्याकडे आहे. तुझे पावणेआठ म्हणजे आमचे सव्वा एक. बरोबर तेव्हाच पंगत बसलेली असेल. मी दादाला सांगून ठेवलं आहे, त्या वेळी वाढायला मी नसणार. मी आवारातल्या पायऱ्यांवर फोन घेऊन बसणार. तू फाटकातून बाहेर पडलीस की फोन लाव आणि घराचं कुलूप उघडेपर्यंत ठेवू नकोस. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, थंडीत तोंड उघडू नये. फोन नुसता खिशात चालू ठेव, मला तुझ्या बुटांचा आवाज ऐकू आला तरी चालेल. मी इकडे पंगतीत काय चाललं आहे ते तुला सांगत राहीन. कोण किती जेवलं, कुणाची सून कोणती साडी नेसली, सगळं. अडीच मैल म्हणजे तुझ्या पायांनी पन्नास मिनिटं. तेवढं मला सहज बोलता येतं.

तसं केलंस तर मी पुन्हा टॅक्सीचं नाव काढणार नाही.

खोक्यात काय काय आहे ते लिहिते, नाहीतर सापडायचं नाही. निळ्या डब्यात करंज्या. वरच्या थरात काही मोडतील, त्या तू खा, अख्ख्या ड्युटीवर ने. चौकोनी डब्यात नानकटाई, चाचांनी दहा जास्त घातल्या आहेत, पैसे घेतले नाहीत. चकल्या प्लास्टिकच्या पिशवीत, दोन पिशव्या, एकात एक. त्या फिलिपिन्सच्या मुलीच्या लेकरांसाठी वेगळी पुडी आहे, तिच्यावर मी "मुलांना" असं लिहिलं आहे, तू तिला वाचून दाखव. केक बुटक्या डब्यात, खाली मफलरमध्ये गुंडाळला आहे. मफलर कुणाचा ते तू बघशीलच. धुतलेला नाही. मला धुववला नाही.

दादा, वहिनी सलाम सांगतात. वहिनी म्हणते ताईंना सांगा अंडी मी फेटली. देव तुझं रक्षण करो, जाता-येता दोन्ही वेळा.

तुझीच,
मम्मी

ता.क. खोकं बांधायच्या आधी दादा आला. म्हणतो, त्या दिवशी टॅक्सी मिळते, पण आधी सांगून ठेवावी लागते आणि भाडं जास्त पडतं. मी पुन्हा नाव काढणार नाही असं वर लिहिलं आहे, ते मला दिसतं आहे. तरी सांगून ठेव. भाडं मी देईन.